राम सुतार यांच्यानंतर : पुतळ्यांची उंची आणि शिल्पकाराची उमेदवारी

छत्रपती संभाजीनगर : ज्येष्ठ शिल्पकार राम वनजी सुतार यांचे १७ डिसेंबर २०२५ रोजी रात्री नोएडा येथील निवासस्थानी निधन झाले. वयाची शंभरी त्यांनी त्याच वर्षी पूर्ण केली होती आणि महाराष्ट्र शासनाचा २०२४ सालचा ‘महाराष्ट्रभूषण’ पुरस्कारही त्यांना त्याच वर्षी जाहीर झाला होता. निधनानंतर देशभरातून वाहण्यात आलेल्या श्रद्धांजलीत एका आकड्याचा उल्लेख हटकून होता : १८२ मीटर. नर्मदातीरी उभ्या असलेल्या सरदार वल्लभभाई पटेल यांच्या पुतळ्याची ही उंची. जगातील सर्वांत उंच पुतळ्याचे शिल्पकार म्हणून सुतार यांचे नाव इतिहासात राहील, यात शंका नाही. त्यांच्या कारकिर्दीतील आणखी एक नोंद मात्र या आकड्याखाली झाकोळली गेली. १९५४ ते १९५८ या काळात ते तेव्हाच्या औरंगाबादेत भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या सेवेत ‘मॉडेलर’ म्हणून होते आणि अजिंठा-वेरूळच्या भग्न शिल्पांची डागडुजी हे त्यांचे काम होते.

अज्ञात कारागिरांनी कोरलेल्या मूर्तींची डागडुजी करणारा तिशीतला नोकरदार आणि विक्रमी उंचीच्या पुतळ्याचा नव्वदी ओलांडलेला निर्माता, ही एकाच कारकिर्दीची दोन टोके आहेत. त्यांना जोडणारा धागा उंचीचा नाही; तो उमेदवारीचा आहे. महाराष्ट्रातील सार्वजनिक पुतळ्यांची संख्या आणि उंची वाढत चालली असताना, आणि मालवणला एक पुतळा नऊ महिनेही न टिकता कोसळल्याची आठवण ताजी असताना, हा धागा तपासून पाहणे आवश्यक झाले आहे.

गोंदूर ते औरंगाबाद

सुतार यांचा जन्म १९ फेब्रुवारी १९२५ रोजी धुळे जिल्ह्यातील गोंदूर या गावी झाला. घरची परिस्थिती बेताची. वडील व्यवसायाने सुतार. लाकडाशी आणि हत्याराशी ओळख अशी घरातूनच झाली. धुळ्यातील कलाशिक्षक जोशी यांनी या मुलाच्या हातातील कसब ओळखले आणि त्यांच्याच प्रोत्साहनाने तो मुंबईच्या सर ज. जी. कला महाविद्यालयात पोहोचला. १९५३ साली मॉडेलिंगसाठीचे मेयो सुवर्णपदक सुतार यांना मिळाले. पदक मिळाल्यावर त्यांनी स्वतंत्र कलावंत म्हणून नाव कमावण्याची घाई केली नाही. ते औरंगाबादेत नोकरीवर रुजू झाले.

तो काळ या शहराच्या दृष्टीनेही संक्रमणाचा होता. औरंगाबाद १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होते. निजामाच्या पुरातत्त्व खात्याकडे असलेली अजिंठा-वेरूळची लेणी नुकतीच केंद्रीय सर्वेक्षणाच्या ताब्यात आली होती. शतकानुशतकांच्या पावसाने, झिरपणाऱ्या पाण्याने आणि माणसांच्या हातांनी झिजलेल्या, तुटलेल्या शिल्पांकडे लक्ष देणे हे मोठे काम होते. अशा कामात शिल्पकाराला स्वतःची शैली दाखविण्यास वाव नसतो. तुटलेल्या हाताचा कोन शेष राहिलेल्या खांद्यावरून ठरवावा लागतो, कमरेतील लचक पावलांच्या ठेवणीवरून ओळखावी लागते. मूळ कारागिराने काय योजले होते, हे समजून घेतल्याशिवाय छिन्नी उचलता येत नाही.

वेरूळचे कैलास लेणे म्हणजे आठव्या शतकात राष्ट्रकूटांच्या काळात डोंगर माथ्याकडून पायथ्याकडे कोरत आणून घडविलेले मंदिर. तेथे चुकीला दुरुस्ती नाही. एकदा उडालेला कपचा परत चिकटत नाही. अजिंठ्याच्या सव्विसाव्या लेण्यातील महापरिनिर्वाण मुद्रेतील बुद्धमूर्ती सात मीटरहून अधिक लांबीची आहे, तरीही पाहणाऱ्याचे लक्ष प्रथम तिच्या मिटलेल्या डोळ्यांकडे जाते. भव्य आकारातही चेहऱ्याची शांती कशी टिकवावी, याचे इतके जवळचे पाठ्यपुस्तक दुसरीकडे क्वचितच मिळेल. सुतार यांच्या पुढील कामाचा विचार करताना ही चार वर्षे केवळ नोकरीची म्हणून सोडून देता येत नाहीत. महाविद्यालयानंतरचा त्यांचा खरा अभ्यासक्रम तोच होता.

सरकारी नोकरीतून स्वतंत्र व्यवसायाकडे

औरंगाबादनंतर सुतार दिल्लीला गेले. माहिती व प्रसारण मंत्रालयातील नोकरी त्यांनी १९५९ च्या सुमारास सोडली आणि स्वतंत्र व्यवसाय सुरू केला. त्यांना पहिली मोठी ओळख मिळवून दिली ती मध्य प्रदेशातील गांधीसागर धरणावरील ‘चंबळ’ या शिल्पाने. सुमारे ४५ फूट उंचीच्या या काँक्रीटमधील शिल्पात चंबळ नदी मातेच्या रूपात आहे आणि तिच्याजवळची दोन बालके म्हणजे मध्य प्रदेश व राजस्थान ही दोन राज्ये. धरण, नदी आणि दोन राज्यांतील पाण्याचे नाते असा रूक्ष विषय त्यांनी आई आणि मुले या सर्वांना कळणाऱ्या प्रतिमेत आणला. नेहरूयुगाच्या आशावादाचे ते नेमके चित्र होते.

पुढील सहा दशकांत त्यांचे नाव प्रामुख्याने महात्मा गांधींच्या मूर्तींशी जोडले गेले. त्यांनी घडविलेले गांधीजींचे अर्धपुतळे भारत सरकारने अनेक देशांना भेट दिले. संसदेच्या प्रांगणातील १६ फुटी ध्यानस्थ गांधी १९९३ साली बसविण्यात आले. तीन दशकांत कितीएक आंदोलने, धरणी आणि घोषणा या मूर्तीच्या साक्षीने झाल्या. २०२४ साली ती संसद परिसरातच ‘प्रेरणा स्थळ’ येथे हलविण्यात आली. संसद परिसरातील छत्रपती शिवाजी महाराजांचा पुतळाही सुतार यांचाच. १९९९ मध्ये पद्मश्री आणि २०१६ मध्ये पद्मभूषण हे सन्मान त्यांना मिळाले.

त्यानंतर मागण्यांचे स्वरूपच पालटले. २०१८ साली सरदार पटेल, २०२२ मध्ये बंगळुरू विमानतळाजवळ १०८ फुटी केम्पेगौडा, २०२३ मध्ये हैदराबादेत १२५ फुटी डॉ. बाबासाहेब आंबेडकर. पुत्र अनिल सुतार यांच्या साथीने नोएडातील कार्यशाळा एका मोठ्या निर्मितिसंस्थेत रूपांतरित झाली. व्यक्तिशिल्पाच्या बाबतीत देशातील सरकारांपुढे जणू एकच पत्ता उरला. हा सुतार यांच्या कर्तृत्वाचा गौरव होता. त्याचबरोबर दुसरे पत्ते तयार करण्यात आलेल्या अपयशाची ती कबुलीही होती.

उंची वाढते तेव्हा काय बदलते?

सामान्य समजुतीनुसार मोठा पुतळा म्हणजे लहान पुतळ्याचीच वाढविलेली आवृत्ती. प्रत्यक्षात तसे नसते. व्यक्तिशिल्पाची सुरुवात छायाचित्रांच्या अभ्यासाने होते. लोखंडी सांगाड्यावर माती चढवून प्रतिकृती घडविली जाते, तिला मान्यता मिळाल्यावर प्लॅस्टरचा साचा काढला जातो. साच्यातून मेणाची प्रत, तिच्यावर उष्णता सोसणारे आवरण, भट्टीत मेण वितळून गेल्यावर उरलेल्या पोकळीत तप्त ब्राँझ, अशा क्रमाने धातूचे भाग तयार होतात. मग जोडकाम, घासकाम आणि शेवटी रासायनिक प्रक्रियेने रंग. यातील प्रत्येक टप्पा स्वतंत्र कसबाचा आहे.

तीन फुटांची प्रतिकृती तीस फुटांची झाली की तिचे पृष्ठफळ शंभरपट आणि घनफळ हजारपट होते. वाऱ्याचा दाब पृष्ठफळावर येतो, भार घनफळानुसार वाढतो. एका मर्यादेपलीकडे पुतळा ही मूर्ती राहत नाही. आतील इमारतीवर चढविलेला तो धातूचा अंगरखा असतो. सरदार पटेलांच्या पुतळ्यात काँक्रीटचे गाभे, पोलादी सांगाडा आणि त्यावर ब्राँझचे पत्रे अशीच रचना आहे. सुतार यांनी घडविलेल्या ३० फुटी प्रतिकृतीचे संगणकीय मोजमाप घेऊन तिची वाढ करण्यात आली. उभारणी लार्सन अँड टुब्रोने केली, तर ब्राँझच्या पत्र्यांचे ओतकाम चीनमधील नानचांग येथील कारखान्यात झाले. यावर त्या वेळी राजकीय टीका पुष्कळ झाली. एवढ्या मोठ्या ओतकामाची क्षमता देशात का उभी राहिली नाही, हा अधिक मूलभूत प्रश्न मात्र त्या गदारोळात मागे पडला.

उंचीचा दुसरा परिणाम चेहऱ्यावर होतो. पाहणारा खाली उभा असतो. त्याला हनुवटी मोठी दिसते, कपाळ मागे पडते, डोळे पापण्यांखाली दडतात. अनुभवी शिल्पकार ही विकृती गृहीत धरून मुळातच प्रमाणे बदलतो. नव्या संसद भवनावरील राजमुद्रेच्या निमित्ताने २०२२ साली हाच प्रश्न वेगळ्या रूपाने चर्चेत आला. साडेसहा मीटर उंच आणि साडेनऊ हजार किलो वजनाच्या त्या ब्राँझ शिल्पाच्या घडणीत औरंगाबादचे शिल्पकार सुनील देवरे यांचा प्रमुख वाटा होता. सिंहांच्या मुद्रा उग्र केल्याचा आरोप झाला, तेव्हा मूळ शिल्पात बदल केलेला नसून आकार आणि पाहण्याचा कोन यांमुळे फरक भासतो, असे स्पष्टीकरण देण्यात आले. त्या वादाचा राजकीय भाग बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरते. शिल्प कोठून पाहिले जाणार, हे ठरविल्याशिवाय ते कसे असावे हे ठरविता येत नाही.

क्रांती चौकाचा धडा

छत्रपती संभाजीनगरातील नागरिकांना याचा अनुभव घरच्या अंगणात आहे. क्रांती चौकात उड्डाणपूल झाला आणि तेथील छत्रपती शिवाजी महाराजांचा जुना अश्वारूढ पुतळा पुलाच्या तुलनेत खुजा वाटू लागला. त्यातून उंची वाढविण्याची मागणी पुढे आली आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये शिवजयंतीच्या पूर्वरात्री नव्या पुतळ्याचे अनावरण झाले. पुण्याचे शिल्पकार दीपक थोपटे यांनी घडविलेला हा पुतळा २१ फुटांचा आणि त्याखालील चौथरा ३१ फुटांचा आहे. पुतळ्यापेक्षा चौथरा दहा फुटांनी अधिक, याचा अर्थ उंचीची गरज शिल्पाने निर्माण केली नव्हती. ती रस्त्याने निर्माण केली होती. पुलाची आखणी करताना चौकातील पुतळ्याचा विचार आधीच झाला असता, तर हा प्रश्न उद्भवला नसता. शहरात वाहतुकीचे नियोजन एका टेबलावर आणि स्मारकांचे दुसऱ्या टेबलावर होते, त्याची किंमत अशी मोजावी लागते.

या सोहळ्याची छायाचित्रे शहरातील घराघरांत पोहोचली. शिल्पकाराचे नाव मात्र किती नागरिकांना सांगता येईल? कोनशिलेवर उद्घाटकांची नावे ठळक असतात आणि घडविणाऱ्याचे नाव शोधावे लागते, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. वेरूळच्या कारागिरांची नावे काळाच्या उदरात गडप झाली, ते समजण्यासारखे आहे. आजच्या कारागिरांची नावे आपण होऊन पुसण्याचे कारण नाही.

लंडनचे नऊ फुटी गांधी

तुलनेसाठी एक परदेशी उदाहरण उपयुक्त ठरेल. लंडनच्या पार्लमेंट चौकात १४ मार्च २०१५ रोजी गांधीजींच्या पुतळ्याचे अनावरण झाले. फिलिप जॅक्सन हे त्याचे शिल्पकार. १९४४ साली जन्मलेले जॅक्सन ब्रिटनमधील आघाडीचे व्यक्तिशिल्पकार असून वेम्बली मैदानासमोरील फुटबॉलपटू बॉबी मूर यांचा पुतळा आणि दुसऱ्या महायुद्धातील बॉम्बर दलाच्या स्मारकातील सात वैमानिकांचा समूह ही त्यांची गाजलेली कामे. १९३१ साली गोलमेज परिषदेसाठी लंडनला गेलेले, शालीत लपेटलेले गांधीजी त्यांनी छायाचित्राच्या आधारे साकारले. पुतळ्याची उंची नऊ फूट आणि चौथरा चौकातील इतर पुतळ्यांच्या मानाने बुटका. गांधीजी सामान्यांच्या पातळीवर असावेत, ही त्यामागची भूमिका होती. साम्राज्याला आव्हान देणारा हा माणूस विन्स्टन चर्चिल यांच्या पुतळ्यापासून हाकेच्या अंतरावर उभा आहे आणि त्याचे महत्त्व त्याच्या फुटांवरून कोणी मोजत नाही.

सुतार यांचे संसदेतील गांधी आणि जॅक्सन यांचे लंडनमधील गांधी यांची शैली भिन्न आहे. एक ध्यानात बुडालेला, दुसरा थंडीत उभा राहून चालण्याच्या तयारीत असलेला. परंतु दोन्ही ठिकाणी पाहणाऱ्याला चेहरा दिसतो. सुतार यांच्या गांधीमूर्ती लोकांच्या स्मरणात राहिल्या त्या यामुळेच. मराठी शिल्पकलेची परंपराही याच जातीची आहे. गणपतराव म्हात्रे यांचे ‘मंदिरपथगामिनी’, विनायकराव करमरकर यांनी १९२८ साली पुण्यासाठी साकारलेले अश्वारूढ शिवराय, सदाशिव साठे यांचे गेटवे ऑफ इंडियासमोरील शिवराय, यांपैकी कशाचीही कीर्ती विक्रमावर उभी नाही.

सुतार यांच्यावर टीकाही झाली. शासनमान्य प्रतिमाच ते घडवीत राहिले, आधुनिक शिल्पकलेच्या प्रयोगांपासून ते दूर होते, हा आक्षेप कलाक्षेत्रात नेहमीचा होता. त्यात तथ्य आहे. पण सार्वजनिक व्यक्तिशिल्पाची अपेक्षाच वेगळी असते. ज्या समाजाने त्या व्यक्तीवर प्रेम केले, त्याला ती ओळखू आली पाहिजे. आणि पन्नास वर्षांनी, ज्यांनी तिला पाहिले नाही, त्यांनाही तिच्यातील सत्त्व जाणवले पाहिजे. ही कसोटी प्रयोगशील शिल्पापेक्षा सोपी नाही.

मालवणचा इशारा

उमेदवारी आणि देखरेख या दोन्हींना फाटा दिला की काय होते, ते राजकोट किल्ल्यावर दिसले. ४ डिसेंबर २०२३ रोजी नौदल दिनाच्या निमित्ताने अनावरण झालेला शिवरायांचा ३५ फुटी पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला. कला संचालनालयाने मान्यता दिली होती ती सहा फुटी प्रतिकृतीला. प्रत्यक्ष उंचीची कल्पना आपणांस देण्यात आली नव्हती, असे संचालनालयाने नंतर सांगितले. चौकशीत गंज, सदोष जोडकाम आणि कमकुवत सांगाडा ही कारणे पुढे आली. समुद्राची खारी हवा आणि वारा हे घटक मालवणात कोणाला नवीन नव्हते. नवीन होती ती तारीख गाठण्याची घाई.

त्यानंतर नवा पुतळा उभारण्याचे काम सुतार यांच्याच संस्थेकडे गेले आणि मे २०२५ मध्ये तो उभा राहिला. म्हणजे काम वेगाने होऊ शकते. मात्र त्या वेगामागे सहा दशकांचा अनुभव, स्वतःची यंत्रणा आणि अभियंत्यांची तपासणी असावी लागते. अनुभव निविदेतून विकत घेता येतो, निर्माण करता येत नाही. मुंबईतील इंदू मिलच्या जागेवरील डॉ. आंबेडकर यांच्या स्मारकाची कथा याच्या उलट बाजूची आहे. ३५० फुटी पुतळा आणि शंभर फुटी चौथरा अशी ती योजना; भूमिपूजन ऑक्टोबर २०१५ मध्ये झाले. पुतळ्याचा आराखडा करणारे सुतार दशकानंतर निवर्तले, तेव्हाही स्मारक पूर्ण झालेले नव्हते. अरबी समुद्रातील शिवस्मारकाचे २०१६ साली जलपूजन झाले आणि पुढे न्यायालयीन वादात काम थांबले. उंची जितकी मोठी, तितके ते काम शिल्पकाराच्या हातून निसटून ठेकेदार, न्यायालय आणि अंदाजपत्रक यांच्या हाती जाते.

पुढची वाट

सुतार यांना खरी श्रद्धांजली वाहण्याची संधी या शहराला सर्वाधिक आहे. शहरात शासकीय कला महाविद्यालय आहे, तासाभराच्या आत वेरूळ आहे, अजिंठा एका दिवसाच्या सहलीच्या टप्प्यात आहे. सत्तर वर्षांपूर्वी एका तरुण शिल्पकाराला जे शिक्षण या लेण्यांनी दिले, ते आजच्या विद्यार्थ्यांना पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संवर्धन कामांतून पद्धतशीर उमेदवारीच्या रूपाने देता येईल. त्यासाठी विक्रमी निधीची नव्हे, दोन खात्यांमधील समन्वयाची गरज आहे.

दुसरी गरज निवडप्रक्रियेची आहे. सार्वजनिक पुतळ्यासाठी किमान दोन-तीन शिल्पकारांच्या मातीच्या प्रतिकृती नागरिकांपुढे मांडाव्यात. मान्यता मिळालेली प्रतिकृती आणि प्रत्यक्ष पुतळा यांची उंची, धातू व सांगाडा यांत बदल झाल्यास पुन्हा मान्यता घेणे बंधनकारक असावे. अनावरणाची तारीख शिल्पकार आणि अभियंता यांच्या दाखल्यानंतर जाहीर व्हावी. देखभालीची तरतूद मूळ खर्चातच धरली जावी आणि कोनशिलेवर शिल्पकाराबरोबर ओतकाम करणाऱ्यांचेही नाव यावे. यांतील एकही गोष्ट अव्यवहार्य नाही. मालवणच्या घटनेनंतर तर ती टाळण्याचे समर्थनही करता येणार नाही.

महापुरुषांचे पुतळे हा महाराष्ट्राच्या भावजीवनाचा भाग आहे आणि पुढेही राहील. म्हणूनच ते घडविणाऱ्या हातांची काळजी घेणे ही राज्याची जबाबदारी ठरते. राम सुतार यांना पदकापासून पहिल्या मोठ्या शिल्पापर्यंत पोहोचण्यास काही वर्षे लागली आणि त्यांतील बहुतेक वर्षे त्यांनी वेरूळ-अजिंठ्याच्या भंगलेल्या दगडांपुढे काढली. त्या वर्षांचा हिशेब १८२ मीटरमध्ये कोठेही लिहिलेला नाही. पुढचा शिल्पकार घडवायचा असेल, तर सुरुवात मात्र तेथूनच करावी लागेल.